आधीचे घर, नंतरचे मूल



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभे आयुष्य बालवर्गात काढले. म्हणून आजचा विषय लहान मुलाचाच असावा, असे मी निमंत्रण स्वीकारतानाच ठरवले. अभ्यास, मोबाइल, शिस्त यांवर पुष्कळ बोलले जाते. मी आज एका नात्याविषयी बोलणार आहे. तीन-चार वर्षांचे मूल आणि त्याच्याहून बारा, पंधरा, कधी वीस वर्षांनी मोठा असलेला सावत्र भाऊ किंवा सावत्र बहीण, यांचे नाते.

सावत्र आईविषयी आपल्या समाजाने भरपूर बोलून ठेवले आहे. व्रतांच्या कहाण्या, नाटके, चित्रपट, वाड्यातल्या गप्पा, सगळीकडे ती आहे. सावत्र भावंडांचा विषय निघतो तो मात्र बहुधा वाटणीच्या वेळी, म्हणजे दोघांचेही केस पिकायला लागल्यावर. एकाचे दुधाचे दात पडायचे आहेत आणि दुसऱ्याला मिसरूड फुटले आहे, अशा काळात त्या दोघांमध्ये काय चालते, याची विचारपूस कोणी करत नाही. शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मला ही जोडी वारंवार भेटली. पालकसभेला बाबांऐवजी येऊन मागच्या बाकावर बसणारा कॉलेजातला दादा. गॅदरिंगच्या दिवशी धाकटीची वेणी घालून देणारी, पण घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली की बाजूला सरकणारी ताई.

अशा भावंडांत वयाचे अंतर मोठे असते, हे तर दिसतेच. पण खरी गुंतागुंत आठवणींच्या अंतराची आहे. मोठ्याला आधीचे घर आठवते. त्या घरात त्याची आई होती, किंवा आईबाबा एकत्र होते. भिंतींचा रंग वेगळा होता, सणाला येणारे पाहुणे वेगळे होते. धाकट्याचा जन्मच मुळी नंतरच्या घरात झालेला. मोठ्याने जे गमावले, त्याच्यानंतरच धाकट्याचे येणे शक्य झाले. आणि यात धाकट्याचा काडीचाही दोष नाही. म्हणून माझे सांगणे दोन पथ्यांचे आहे. मोठ्यावर विसरण्याची सक्ती करू नये, आणि धाकट्याकडून आधीची वसुली करू नये. घरातल्या प्रौढांनी एवढे पाळले, तर पुढचे ती दोघे आपले आपण जमवतात.

आधी धाकट्याकडे पाहू. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात लहान मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता. तुला भाऊ आहे का? मूल म्हणे, आहे. मग तुझ्या भावाला भाऊ आहे का? बरीच लहान मुले ठामपणे ‘नाही’ म्हणत. आपल्याला भाऊ आहे हे त्यांना कळत होते; आपणही कुणाचे तरी भाऊ आहोत, ही दुसरी बाजू अजून कळायची होती. ज्या वयात नात्याच्या दोन बाजू उमगत नाहीत, त्या वयात सख्खे-सावत्र हा भेद मनात असणार कुठून? त्या मुलाच्या लेखी दादा म्हणजे उंच, पंख्यापर्यंत हात पोहोचणारा, मोटारसायकल असलेला माणूस. भेद त्याच्या हाती आयता आणून देतात ती मोठी माणसे. लग्नघरात, पंगत उठल्यावर, कुणी नातलग त्याचा गालगुच्चा घेत म्हणते, “हा तुझा सख्खा दादा नाही हं.” मुलाला अर्थ समजत नाही, पण बोलणाऱ्याचा स्वर समजतो. आपल्या दादामध्ये काहीतरी कमी आहे, किंवा आपल्यातच काही कमी आहे, एवढे त्याच्या मनात जाऊन बसते.

मोठ्याची अडचण वेगळी. तो सोळा-सतरा वर्षांचा असतो, ती विशीत असते. बाबांचे दुसरे लग्न त्यांनी कसेबसे पचवलेले असते आणि तेवढ्यात घरात पाळणा हलतो. मित्रांना काय सांगायचे, इथून सुरुवात होते. धाकट्याला कडेवर घेऊन ताई बागेत गेली की अनोळखी बाई विचारते, “तुमचंच का?” ताई हसून वेळ मारून नेते, पण तो प्रश्न तिच्याबरोबर घरी येतो. बाळाचा लळा लागतो आणि लळा लागला म्हणून आपण आपल्या आईशी बेइमानी करतोय का, असेही वाटते. या दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या असतात. त्यांतली एक खोटी ठरवण्याची घाई आपण करू नये.

पिढ्यांचा हा गोंधळ जगभर आहे. सिग्मंड फ्रॉइड यांचा जन्म १८५६ साली मोराव्हियातल्या फ्रायबर्ग या गावी झाला, तेव्हा वडिलांच्या आधीच्या लग्नाचे त्यांचे दोन भाऊ, इमॅन्युएल आणि फिलिप, विशी ओलांडलेले होते. फ्रॉइड यांची आई जवळपास त्यांच्याच वयाची. इमॅन्युएलचा मुलगा जॉन हा नात्याने पुतण्या, पण या काकाहून वयाने मोठा आणि बालपणीचा सवंगडी. दोन्ही भाऊ पुढे इंग्लंडमध्ये मँचेस्टरला जाऊन राहिले. फ्रॉइड यांनी नोंदवून ठेवले आहे की वडिलांच्या संदर्भात तू दुसऱ्या पिढीचा नाहीस, तिसऱ्या पिढीचा आहेस, हे भान ठेव, असे इमॅन्युएलने त्यांना बजावले होते. स्वतःच्या घराचा नकाशा त्यांना नेमका कळला तो थोरल्या सावत्र भावाकडून. आपल्याकडेही बिजवराचे लग्न सर्रास होत असे त्या काळात काकाहून पुतण्या मोठा असणे कुणाला नवलाचे नव्हते. अशा घरांत माणसे माणसांच्या गर्दीत सामावून जात. आजच्या तीन खोल्यांच्या घरात लपायला जागा नाही.

आपल्या पुराणांत या नात्याची दोन टोके आहेत. ध्रुवाची गोष्ट बालवर्गात सांगितली जाते. सुरुचीने त्याला वडिलांच्या मांडीवर बसू दिले नाही, इथपासून अढळपदापर्यंत. तिथे दोन्ही भाऊ लहानच होते. भागवतातला पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. ज्याच्यासाठी ध्रुवाला दूर लोटले, तो सावत्र भाऊ उत्तम पुढे शिकारीला गेला असताना यक्षाकडून मारला गेला. त्याच्यासाठी ध्रुव यक्षांवर चालून गेला आणि अखेर आजोबांनी, मनूने, त्याला आवरले. मांडीवरचे भांडण सुरुचीचे होते. भावाच्या मृत्यूचे दुःख ध्रुवाचे होते.

दुसरे टोक भीष्मांचे, आणि तिथे वयाचे अंतर खरोखर मोठे आहे. शंतनूला सत्यवतीशी लग्न करता यावे म्हणून देवव्रताने राज्य सोडले, लग्नही सोडले. चित्रांगद आणि विचित्रवीर्य हे सावत्र भाऊ त्यानंतर जन्मले. ज्या मुलांसाठी त्याने आयुष्य देऊन टाकले, ती तोवर जगातही आलेली नव्हती. चित्रांगद लढाईत पडला. विचित्रवीर्य लहान होता. भीष्मांनी त्याला गादीवर बसवले, त्याच्या नावाने राज्य सांभाळले, त्याच्यासाठी काशीराजाच्या मुली जिंकून आणल्या, आणि त्यातून अंबेची शोकांतिका झाली. या सगळ्यात विचित्रवीर्याला स्वतःला काय हवे होते, ते जवळपास ऐकूच येत नाही. थोरल्याचा त्याग एवढा मोठा झाला की धाकट्याला स्वतःचे असे काही करायला वाव उरला नाही, आणि थोरल्यालाही स्वतःचे आयुष्य उरले नाही. “आमच्या मोठ्याने लहानासाठी सगळं सोडलं,” असे आईवडील अभिमानाने सांगतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्या त्यागाची किंमत दोघेही मोजत असतात.

आता आपल्या इतिहासाकडे येते. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ चा, राजाराम महाराजांचा १६७० चा. सईबाई गेल्या तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. राजारामांच्या आई सोयराबाई. एप्रिल १६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण करण्यात आले. ते ठरवणारे सगळे प्रौढ होते. दहा वर्षांच्या मुलाला कुणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि डाव फिरला. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. कटातल्या प्रौढांचे पुढे जे झाले ते आपण जाणतो. पण राजारामांना देखरेखीखाली ठेवले तरी त्यांच्या जिवाला धक्का लागला नाही. त्याच शतकात दिल्लीच्या तख्तासाठी औरंगजेबाने आपला सख्खा भाऊ दारा शुकोह याला १६५९ मध्ये मारवले होते, हे आठवले की या गोष्टीचे मोल कळते.

आणि त्याचे फळ स्वराज्याला मिळाले. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना क्रूरपणे ठार केले. त्याआधीच, ते कैदेत असताना, येसूबाईंनी स्वतःचा लहान मुलगा शाहू समोर असूनही धाकट्या दिराला पुढे केले. राजाराम जिंजीकडे निसटले. येसूबाई आणि शाहू त्याच वर्षी मोगलांच्या हाती लागले. येसूबाईंची सुटका झाली ती १७१९ मध्ये. ज्या मुलाला शह म्हणून पुढे ढकलले होते, त्याच्याच नावाने पुढे अकरा वर्षे लढा चालला. प्रौढांच्या कटाचा हिशेब थोरल्याने दहा वर्षांच्या पोराकडून मागितला असता, तर पुढचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

पेशव्यांच्या घरात शमशेर बहादूर. थोरल्या बाजीरावांचा आणि मस्तानीचा हा मुलगा १७३४ च्या सुमारास जन्मला; नानासाहेब त्याच्याहून साधारण चौदा वर्षांनी मोठे. मस्तानीला कैदेत टाकण्यात नानासाहेबांचाही हात होता. १७४० मध्ये बाजीराव गेले, मस्तानीही गेली, आणि सहा वर्षांचे पोर उरले. त्या पोराला पेशव्यांच्या घराने वाढवले, सरदारकी दिली, मोहिमांवर नेले. १७६१ मध्ये पानिपतावर तो जखमी झाला आणि भरतपूरच्या मुलखात मरण पावला. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले. नानासाहेबांनी मस्तानीला दिलेल्या वागणुकीचे समर्थन मी करणार नाही. पण आईवरचा राग पोरावर काढायचा नाही, एवढी एक रेष त्या घराने ओढली, हेही सांगितले पाहिजे.

राजवाडे सोडून आता मध्यमवर्गीय घरात जाऊ. १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांची पत्नी राधाबाई वारली तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. पुढे त्या आनंदीबाई म्हणून, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. अकरा वर्षांच्या रघुनाथला बहिष्काराच्या आधीचे मुरूड ठाऊक होते. त्यानंतर जन्मलेल्या शंकर, दिनकर आणि भास्कर यांना बहिष्कृत घर हेच आपले घर म्हणून मिळाले. मी मघाशी आठवणींच्या अंतराविषयी बोलले ते हेच. दिनकर जन्मले १८९९ मध्ये, आणि त्याच वर्षी थोरला रघुनाथ मॅट्रिकला पहिला आला. सतरा वर्षांचे अंतर.

या चार भावांचे पुढे काय झाले? रघुनाथरावांनी गणित शिकवले, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत गेले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत रमले. थोरल्याने धाकट्यांसाठी शिक्षण सोडले, किंवा थोरल्याने पत्करलेला बदनामीचा मार्ग धाकट्यांनी चालवलाच पाहिजे, असे काही या घरात झालेले दिसत नाही. ज्याचा त्याचा रस्ता मोकळा राहिला. दिनकररावांच्या पत्नी इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा आपला मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला १९५३ मध्ये, म्हणजे रघुनाथराव गेले त्याच वर्षी. एकाच घरातल्या थोरल्या भावाने मूल हवे असेल तेव्हाच व्हावे यासाठी आयुष्य वेचले, आणि धाकट्या भावाच्या पत्नीने माणसे एकमेकांची कशी होतात याचा अभ्यास केला. या दोन्ही कामांची गरज आजच्या विषयाला आहे.

कारण मूल जन्माला घालण्याचा निर्णय दोघांचा असला तरी दुसऱ्या लग्नात त्याची बातमी तिसऱ्याला कळवावी लागते. ती पहिल्याला, म्हणजे आधीच्या मुलाला, सर्वांत आधी सांगा. शेजाऱ्यांकडून कळू देऊ नका.

इथे कायद्याचेही थोडे बोलते. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे, आणि तिची आधीची मुले पतीच्या नातलगांच्या ताब्यात देण्याची वाट त्याच कायद्यात ठेवलेली होती. म्हणजे आईच्या दुसऱ्या घरी जन्मलेले मूल आणि पहिल्या घरी राहिलेले मूल एकमेकांना भेटण्याची शक्यताच कमी. त्याची सावली आजच्या कायद्यावरही आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मालमत्तेत दोन्ही लग्नांची मुले सारखी वारस. पण भावाचा वारसा भावाकडे जाण्याची वेळ आली की सख्ख्याला सावत्राच्या आधी मान मिळतो. आणि एकाच आईची पण वेगळ्या बापांची भावंडे त्या यादीतल्या भाऊ-बहीण या नात्यात धरलीच जात नाहीत. शिवाय आईबाप दोघेही गेले तर पंचवीस वर्षांचा दादा पाच वर्षांच्या धाकटीचा आपोआप पालक होत नाही. त्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात जावे लागते. म्हणून ज्या घरात अशी भावंडे आहेत, तिथे मृत्युपत्र आणि पालकाची नेमणूक हे लिहून ठेवणे ही मायेचीच गोष्ट आहे.

पैशाचा विषय आला आहे तर स्पष्टच बोलू. पन्नाशीला बाप झालेला माणूस निवृत्त होतो तेव्हा मूल प्राथमिक शाळेत असते आणि मोठा नुकता कमावता झालेला असतो. फी कोण भरणार, हा प्रश्न न विचारताच मोठ्याच्या खात्याकडे नजरा वळतात. मोठ्याने आनंदाने दिले तर त्यासारखे सुख नाही. पण गृहीत धरून घेतलेला पैसा दोघांमध्ये भिंत बांधतो. मूल जन्मायच्या आधीच त्याच्या शिक्षणाची तजवीज बापाने करावी, आणि ती केली आहे हे मोठ्याला सांगावे.

घटस्फोटानंतरच्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. मोठा मुलगा आईकडे राहतो, पंधरा दिवसांनी बाबांकडे येतो. रविवारी संध्याकाळी तो सॅक पाठीवर टाकतो आणि चार वर्षांचा धाकटा दाराशी ठाण मांडून बसतो. लहान मुलाला वाटते, मी काहीतरी केले म्हणून दादा जातो. त्याला समोर बसवून सांगावे लागते: दादाला दोन घरे आहेत, तो त्या घरी जातोय, अमुक शनिवारी परत येईल. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या शनिवारी त्याच्याच हाताने खूण करायला लावावी. आणि एक पथ्य कडक पाळावे. “तुझ्या दादाला विचार, त्याची आई काय म्हणते,” असले निरोप धाकट्याच्या तोंडून पाठवू नयेत.

ज्या घरात पहिली पत्नी वारली आहे, तिथे तिचा फोटो भिंतीवरच राहू द्यावा. धाकटे एक दिवस बोट दाखवून विचारेल, “ही कोण?” सावत्र आईनेच सहज सांगावे, “दादाची आई. ती आता नाही.” हे शब्द तिने उच्चारले की मोठ्याला आपली आठवण लपवावी लागत नाही, आणि लहानग्याला त्या फोटोची भीती वाटत नाही. अशा स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मोठेपणाची कुठेही नोंद होत नाही, म्हणून ती इथे करते.

आणि मदत मागावी, लादू नये. “दादा बघेल,” हे वाक्य घरात दिवसातून किती वेळा उमटते ते एकदा मोजा. मोठे भावंड लहानग्याला सांभाळते ही जगातल्या असंख्य समाजांतली रीत आहे आणि त्यात वावगे काही नाही. पण बारावीच्या वर्षातल्या मुलीला नाही म्हणण्याचा हक्क हवा. नाही म्हणता येते तेव्हाच तिचा हो खरा असतो. त्या दोघांचे असे काहीतरी स्वतंत्र असू द्या: शनिवारी दोघांनीच वडापाव खायला जाणे, एखादा खेळ, एखादे टोपणनाव. त्यात आपण डोकावू नये.

मोठ्याला जे आधीचे आठवते, ते सुरुवातीला या नात्यातला अडसर वाटते. वर्षे गेली की तीच त्याच्याकडची सर्वांत मोठी ठेव होते. उशिरा जन्मलेल्या मुलाला थकलेला, पथ्यपाणी सांभाळणारा बाप मिळालेला असतो. सिंहगडावर न थांबता चढणारा, चाळीच्या गणपतीत रात्रभर पेटी वाजवणारा बाप त्याने पाहिलेलाच नसतो. तो बाप ठाऊक असतो दादाला, ताईला. आईवडील गेल्यानंतरही ही भावंडे कितीतरी वर्षे एकमेकांसाठी असणार आहेत, आणि तेव्हा धाकट्याला त्याच्या घराची पूर्ण गोष्ट सांगू शकेल असे तेच एक माणूस असेल. ती गोष्ट त्याने कडवटपणा न ठेवता सांगावी असे वाटत असेल, तर तिच्यातले काहीही आज त्याच्याकडून पुसून घेऊ नका. घरात, नात्यात, शाळेत जिथे अशी भावंडे तुम्हाला भेटतील, तिथे मोठ्याला आठवू द्या आणि धाकट्याला निर्धास्त वाढू द्या. या कामाला ना पैसा लागतो, ना कायद्याची वाट पाहावी लागते. ते आपल्यातल्या प्रत्येकाला उद्या सकाळपासून करता येईल, आणि ते आपण करावे, अशी माझी तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती आहे.